आईची कवळी

आईला कवळी बसवून नऊ वर्षं झाली, पण बाबांनी तिला बोळक्या तोंडाने कधी पाहिलं नव्हतं. ती मोरीचं दार लावूनच कवळी धुवायची. अर्धांगवायूने तिचा उजवा हात गेला आणि ते काम बाबांनी मागून घेतलं.

पहिल्या दिवशी तिने डाव्या हाताने तोंड झाकलं. "तुम्ही नका बघू."

"अगं, मी काय परका आहे?"

तिने रडतच हात काढला. निसटली तरी फुटू नये म्हणून बाबांनी घमेल्यात पाणी भरलं आणि त्यावर धरून कवळी मऊ ब्रशने घासली. हिरड्यांवर ती काचते कुठे, हे त्यांनी प्रथमच विचारलं.

बाहेर येऊन ते मला म्हणाले, "मी दारावर थापा मारून ओरडायचो गं, किती वेळ लावतेस म्हणून."

आई त्यानंतर वीस दिवस जगली.