शेख बुरहानची माशीकाठी

जुम्म्याची नमाज संपली आणि सगळं गाव कालव्याकाठच्या आमराईत लोटलं. शेख बुरहाननं रोजे धरून मंतरलेली काठी उंच धरली, डोळे मिटले आणि हाक दिली, "सोडा गरिबांचे आंबे, या माझ्याकडे!" आणि माश्या खरंच आल्या. पाच मिनिटांत काठीचं टोक फळमाश्यांनी तांबूस दिसायला लागलं.

"आता फवारा बंद, पडके आंबे वेचणं बंद," शेख म्हणाला. "वेचलेत तर काठीवर भरवसा नाही असा अर्थ होतो. दर बागेमागे एक मेंढा माझ्याकडे पोचवा आणि निवांत झोपा."

लोक झोपले. मी कसला झोपतोय! शेतीखात्यानं मला या इस्माइलियाच्या पट्ट्यात माश्या मोजायला नेमलंय. उन्हाळाभर एकटाच सायकलवर बागोबाग हिंडतो, झाडाला टांगलेले सापळे उघडतो, मेलेल्या माश्यांचा आकडा वहीत लिहितो. वही कुणी वाचत नाही. गाव मला माशीमास्तर म्हणतं. बोलायला म्हणून एक उम्म वगदी मावशी. नवरा वारला, पोरगा परदेशात. चाळीस झाडांवर तिचं वर्ष निघतं. तिच्याकडे चहा मिळायचा. आता तीही पडके आंबे उचलेना.

"मावशी, आकडा तिप्पट झालाय. आंबा पिकायला दहा दिवस उरलेत. वर्ष जाईल तुझं."

"चौदा वर्षं मोजतोयस, रिफाअत. एक तरी माशी तुझ्या हाकेला आली का?"

फार लागलं ते मला. त्या दिवशी चहा न घेताच निघालो.

पुढच्या जुम्म्याला मी गर्दीत घुसून शेखच्या काठीला नाक लावलं. लवंगेसारखा वास. अहो, हा तर माझ्याच सापळ्यातला वास! आत टांगलेल्या बोळ्याला आम्ही हेच औषध लावतो. मी खिशातून बाटली काढली, मावशीची चप्पल मागून घेतली, टाचेला चार थेंब लावले आणि फांदीला अडकवली. हाकबीक काही दिली नाही. बघता बघता काठीवरच्या निम्म्या माश्या चपलेवर आल्या.

"शेखसाहेब, या चपलेनं किती रोजे धरले होते?" मी विचारलं.

लोक हसले. शेख "सैतान, सैतान" करत पिकअपमध्ये बसला आणि पुढच्या गावाकडे सुटला. निम्मी गर्दी त्याच्या मागे गेली.

उरलेल्यांना मी सांगितलं, "या वासाला फक्त नर भुलतात. नर आंब्याला काही करत नाही. अंडी घालायची सुई मादीला असते, आणि ती इकडे येत नाही, आंब्यालाच टोचत बसते. पडक्या आंब्यातल्या अळ्या मातीत शिरतात आणि माश्या होऊन वर येतात. म्हणून ते वेचून खोल पुरायचे."

मावशीनं माझा हात धरला आणि मुका घ्यायला वाकली. "म्हणजे खरी बरकत तुझ्या हातात आहे, पोरा."

इतकं एकटं मला सापळ्यांखाली हिंडतानाही कधी वाटलं नव्हतं. "हात सोड, मावशी," मी म्हणालो. "शेखचं डोळे मिटून मानलंस, आता माझं तसं मानू नकोस. आंबा चीर आणि स्वतः बघ."

तिनं पायाशी पडलेला आंबा उचलला. वरून अगदी छान होता. चिरला, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. तिनं दुसरा चिरला. मग तिसरा. मग तिनं बाजूची रिकामी टोपली ओढली.

"त्या टोकाकडून तू लाग," ती म्हणाली. "इकडून मी वेचत येते."