त्रेसष्टनंतर पंचाहत्तर

चाळीस वर्षं चर्चमधल्या काचेच्या पेटीत विराजमान असलेलं ते बायबल भाऊजींनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं, तेव्हा धाकटीने दाभण, दोऱ्याची रिळं आणि खळीची वाटी आपसूक बाजूला सारली. दुरून आलेल्या पाहुण्याला ऐसपैस जागा करून द्यावी तशी.

"तुमच्या बाबांनी बांधलेलं," भाऊजी म्हणाले. "शिवण सुटलीय. फादर म्हणाले, ज्या घरी बांधलं त्याच घरी द्या."

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त हेडमास्तर आणि अंतर्बाह्य कॅथलिक. लग्नानंतर ताईने त्यांचं चर्च धरलं. धाकटी मात्र बाबांच्या लहानशा प्रॉटेस्टंट मंडळीत राहिली, आणि बाबांच्या पश्चात त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानातही. मेहुणा-मेहुणीचा वाद तीस वर्षं एकाच खुंटीवर टांगलेला होता.

"काय मग धाकटे, यादी कुणी ठरवली, आठवलं का?"

"बसा तर आधी. दम लागलाय, तरी वादाची खुमखुमी आहेच."

"विषय बदलू नकोस. कोणते ग्रंथ शास्त्रात आणि कोणते बाहेर, हे आमच्याच चर्चच्या सभांनी ठरवलं. आईने वाढलेलं जेवायचं आणि आईलाच स्वयंपाक शिकवायचा?"

"सोनार सोनं कसाला लावतो, भाऊजी. सोनं तो निर्माण करत नाही."

"पण कस लावायला सोनारच लागतो ना!"

"लागतो की. पण तो म्हणाला, 'मी म्हणतो म्हणून हे सोनं', तर दुकान बदलावं माणसाने."

भाऊजी मनापासून हसले. "बाप तशी लेक!" म्हणत ते दाराबाहेर पडले, आणि ते शब्द मात्र खोलीत रेंगाळले. धाकटीला ते आवडले. या टेबलाशी बसून बाबा म्हणत, ग्रंथाच्या वर कुणी नाही; पोप नाही, आपला पाळक नाही, मीही नाही. तसाच त्यांचा धंद्याचा नियम होता: आपल्या हाती आलं तेवढं शिवायचं, एक पान जास्त नाही, एक कमी नाही.

दुसऱ्या दिवशी तिने जुना दोरा उसवला. सोळा-सोळा पानांचे फर्मे एकेक करून सुटे झाले. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापखान्याने बारीक आकडा घातलेला असतो. शिवण्याआधी तो ओळीने वाचायचा, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. ती वाचत गेली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.

पंचाहत्तर.

तिने पुन्हा मोजलं. अकरा फर्मे नव्हते. जुना करार संपत होता आणि उलटलेल्या पानावर थेट नवा करार सुरू होत होता. अनुक्रमणिकेत मात्र दोहोंच्या मध्ये, या आवृत्तीत वेगळ्या विभागात घेतलेल्या सात ग्रंथांची नावं नीट छापलेली होती. कॅथलिक ज्यांना शास्त्र मानतात आणि धाकटीची मंडळी मानत नाही, ते सात. ते फाटले नव्हते, गळालेही नव्हते. शिवणीत त्यांच्यासाठी जागाच सोडलेली नव्हती.

बाबांच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, पुठ्ठ्यांच्या मागे, तिला ते सापडले. तपकिरी कागदात बांधलेले, चाळीस वर्षांनंतरही कोरे करकरीत. वर खोचलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: "फाडायचा मला अधिकार नाही. शिवायला हात धजत नाही."

ती खाली फरशीवरच बसली. गपचूप शिवून दिलं तर कुणाला कळणार होतं? कळलं, तर भाऊजींच्या हाती आयतं कोलीत. तीस वर्षं ज्या चर्चला ती बजावत आली की ग्रंथावर हुकूम चालवू नका, त्याच ग्रंथावर तिच्या बापाने एका दुपारी, सुईदोऱ्याने, स्वतःचा हुकूम चालवला होता. आणि ज्यांचा ग्रंथ, त्यांना सांगितलंही नव्हतं.

तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. मग तिच्या ओठांवर बाबांच्याच वाक्याचं शेपूट आलं. *मीही नाही.* ती उठली आणि तिने भाऊजींना फोन केला.

भाऊजींनी पुडकं पाहिलं, चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला.

"म्हणजे सासरेबुवाच पोप झाले होते म्हण की!"

"झाले होते. एका पुस्तकापुरते."

"बघ. डोक्यावर कुणी नसलं की असंच होतं. जो तो आपापली यादी घेऊन बसतो." बोलता बोलता त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरवला. "जाऊ दे. शिवून टाक. फादरना मी काही बोलत नाही. म्हाताऱ्याची अब्रू कशाला काढायची?"

"नको. रविवारी मी येते आणि फादरना स्वतः सांगते."

"अगं, हरलीस तू! कशाला पुन्हा जगजाहीर करतेस?"

"हरले कुठे?" तिने त्रेसष्टावा आणि पंचाहत्तरावा फर्मा शेजारी ठेवले. "बाबांना चूक कुणी ठरवलं, सांगा. तुमच्या पोपने? तुमच्या सभेने? चाळीस वर्षं तुमच्या चर्चमध्ये होतं, तुम्हाला पत्ता नव्हता. या आकड्यांनी पकडलं त्यांना. पुस्तकानेच पकडलं. मी तीस वर्षं दुसरं काय म्हणतेय?"

"आकडासुद्धा कुणीतरी घातलेलाच असतो," भाऊजी म्हणाले.

"घातलेला असतो. पण घालणाऱ्यालाही मग तो पाळावा लागतो. हे सात मी शिवून देते, कारण पुस्तक तुमचं आहे. माझ्या लेखी ते शास्त्र नाहीत, हेही फादरना सांगेन. आणि एक विचारू? तीस वर्षं ज्यांच्यासाठी भांडताय, ते या पुस्तकात कधी उघडून पाहिलेत?"

"पेटीला कुलूप असतं," भाऊजी पुटपुटले, आणि स्वतःच ओशाळून हसले.

"मग आता कुलूप नाहीये. वाचा. मोठ्याने."

त्यांनी खुर्ची ओढली आणि चौसष्टावा फर्मा अलगद उघडला. हेडमास्तरांचा तो जुना, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज दुकानभर पसरला. धाकटीने दोऱ्याला मेण लावलं, सुई ओवली आणि कान देऊन ऐकू लागली. वाचून झालेला फर्मा ते तिच्याकडे सरकवत. तळाचा आकडा पाहून ती तो शिवणीत घेई. बाबांची चिठ्ठी समोर उघडी होती. तिचा हात धजत होता.