उत्तरेश्वरचे पाय आणि भस्माच्या सात रेघा

नांदूरघाटच्या माळावर त्या मंगळवारी एवढी माणसं लोटली, की माझ्या औषधाच्या दुकानात चिटपाखरू फिरकेना. मग मीही कुलूप लावलं आणि गेलो.

मधोमध उत्तरेश्वर उभा. पंचवीस वर्षं माजलगावकडं ऊस तोडलेला गडी. चार वर्षांपूर्वी त्याला कंपवात जडला, डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सन. हात थरथरतो, चालताना पाय जमिनीला चिकटतात आणि माणूस जागीच खिळतो. गोळ्या माझ्याकडूनच न्यायचा. आज मात्र तो मंगळवारी माळावर दरबार भरवणाऱ्या भस्मानंदबाबांचं गिऱ्हाईक झाला होता.

बाबांनी जमिनीवर भस्माच्या सात आडव्या रेघा ओढल्या. एकेक रेघ म्हणजे एकेका जन्माचं पाप म्हणे. याने सातही जन्मांत नेमकं काय केलं होतं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी 'ओलांड' म्हणताच खिळलेला उत्तरेश्वर टपाटप सातही रेघा ओलांडून गेला. बाया रडल्या, बाप्ये पाया पडले. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. मग बाबांनी अट घातली: इंग्रजी गोळीनं भस्म बाटतं, गोळ्या बंद.

तिथं माझं डोकं फिरलं. समजवायला गेलो, तर लोक म्हणाले, धंदा बुडतोय म्हणून कावलाय.

आठ दिवसांत उत्तरेश्वर लाकडासारखा आखडला. पाण्याचा घोटही नरड्यात अडकायला लागला. बाबांचा निरोप आला, श्रद्धा कमी पडली. त्याची बायको चंद्रभागाबाई दुकानात आली, ती चांगलीच चिडलेली.

"म्हशीला आणलेलं उसाच्या शेंड्याचं वाढं अंगणात आडवं पडलं व्हतं. हे दारात खिळलेले, अन् त्या वाढ्यावरून गेले की हो नीट पाय उचलून. वाढं काय मंतरलेलं हाय का?"

मी दोघांना लगेच केजला डॉक्टर राजनंदिनींकडं नेलं. त्या गोळ्या सोडल्याबद्दल आधी रागावल्या. अशा एकदम तोडल्या तर जीवावर बेतू शकतं. मग त्यांनी समजावलं. मेंदूत एक रसायन बनवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात, म्हणून सवयीचं चालणं अडतं. पण डोळ्यांपुढं आडवी रेघ आली, की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलायला लावतो. मग ती रेघ भस्माची असो नाहीतर खडूची.

गोळ्या सुरू झाल्या आणि उत्तरेश्वर सावरला, तरी पाय अधूनमधून खिळायचेच. मग एका मंगळवारी चंद्रभागाबाईनं भर गर्दीत बाबांपुढं उसाच्या सात कांड्या आडव्या मांडल्या. नवरा झपाझप ओलांडून गेला. तिनं कांड्या उचलल्या आणि बाबांना म्हणाली, "आता नुसत्या मंत्रावर चालवा." मंत्र म्हणून म्हणून बाबांचा घसा बसला, पण उत्तरेश्वरचा पाय काही उचलला नाही. बाबांनी त्याच दिवशी गाव सोडलं.

पुढच्या तपासणीत उत्तरेश्वरनं डॉक्टरांना विचारलं, मी पूर्ण बरा होईन का?

"नाही. तसं औषध अजून सापडलेलं नाही. जगभर शोध चालू आहे. कधी सापडेल, मला माहीत नाही."

आम्ही बाहेर आलो. मला धास्ती, की हा आता दुसरा बाबा शोधतो.

"बाबाला सगळं म्हाईत व्हतं," तो म्हणाला, "अन् मी मरायलो व्हतो. ही डाक्टरीणबाई म्हाईत न्हाई म्हणती, अन् मी चालायलोय."

तेव्हा लोकहो, कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याची रेघ पुसून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.