शब्द परत न्यायला आलेली माणसं

निदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नपारखी बाई माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुला दिलेला शब्द परत न्यायचा आहे."

बाई मला चौथीला होत्या. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे असेल. दोन जिने चढून आल्या होत्या, पण धाप लागलेली नव्हती.

"कोणता?" मी विचारलं, कारण त्यांनी तीन दिले होते.

"माज."

तो पलंगाखाली होता. बाईंनी फळ्यावरच्या नकाशात वैनगंगा चुकीच्या बाजूला काढली होती आणि मी उभी राहून तसं सांगितलं होतं. चूक होती म्हणून सांगितलं, दुसरं काही मनात नव्हतं. बाई वर्गाकडे वळून म्हणाल्या, "वस्तीतून येते आणि माज बघा." आमची बौद्धांची वस्ती शाळेच्या मागेच होती. तेव्हापासून तो माझ्याकडे होता, जात्याएवढा आणि जात्याहून जड. पाच घरं बदलली, दर वेळी तो मीच उचलून नेला. बाईंनी तो काखेत मारला आणि जिना उतरल्या.

त्या गेल्यावर भिंत आत सरकली.

मी मोजणीच्या कचेरीत जमिनीचे नकाशे काढते, त्यामुळे माझ्या लगेच लक्षात आलं. टेप लावून पाहिली. बारा फुटांची खोली साडेदहा फूट झाली होती. मी पलंग थोडा ओढून घेतला आणि चहा ठेवला.

निदान डॉक्टर तस्नीम काझींनी केलं. तीन रविवार त्यांनी मला प्रश्न विचारले. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "उत्पलाताई, हा ऑटिझम आहे. जन्मापासूनचा. मुलगी होतात, मार्क चांगले होते, गप्प बसत होतात. अशा मुली सगळ्यांच्या नजरेतून सुटतात."

"आणि मेश्राम होते," मी म्हणाले.

त्यांचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"बोलले तर माज आणि गप्प बसले तर दबलेली. लोकांकडे दोन्हींसाठी कारण तयार होतं. मग तिसरं कोण शोधणार?"

त्यांनी तेही लिहून घेतलं. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. निदानाचा कागद मी अकरा वेळा वाचला आणि त्या रात्री सलग आठ तास झोपले.

बाईंच्या पाठोपाठ, अकरा वाजता शेवंताताई आल्या. त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. नवऱ्याशी फारकत होऊन सतरा वर्षं झाली. त्यांच्या हातात दोरी होती.

"गरीब गाय न्यायला आले," त्या म्हणाल्या.

ती न्हाणीघरात उभी होती. बघण्याच्या कार्यक्रमात मी चाळीस मिनिटं पोह्यांतले शेंगदाणे मोजत बसले होते, कारण भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्यानं वाजत होतं. शेवंताताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगी अगदी गरीब गाय आहे." लग्न ठरलं. गाय माझ्याबरोबर सासरी गेली आणि फारकतीनंतर माझ्याबरोबरच परत आली.

"किती वाळली ही," ताई म्हणाल्या. "खायला काय घालत होतीस?"

"काही नाही."

त्यांनी तिच्या गळ्यात दोरी बांधली. गाय जिन्यावर अडली, मी मागून ढकललं. खालच्या पायरीवर ताई वळल्या.

"तेव्हाच कळलं असतं तर आम्ही तुला केलंच नसतं."

"ते बरं झालं असतं," मी म्हणाले.

त्यांनी थोडा विचार केला. "आम्हालाही," त्या म्हणाल्या आणि गाय घेऊन गेल्या.

वर येऊन टेप लावली. आठ फूट. छतही खाली आलं होतं, पंखा काढून ठेवावा लागला.

दुपारी आमचे पाटणकर साहेब आले. ते आत आले नाहीत, कारण पलंगामुळे आत आता दोघं मावत नव्हतो. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मेश्राम, ते 'कोट्यातली' तुमच्याकडेच असेल ना?"

ते दाराच्या मागे खुंटीला होतं. गेल्या एकोणीस वर्षांत माझा एकही नकाशा दुरुस्तीला परत आलेला नाही, हे साहेबांना माहीत आहे. त्यांनी ते झटकून पिशवीत घातलं. मग दुसऱ्या पिशवीतून चकचकीत कागदात बांधलेला एक डबा काढला.

"त्याच्या जागी हे ठेवा. 'बिचारी' आहे. अगदी नवीन."

"नको."

"अहो, सगळ्या स्टाफनं मिळून आणलंय."

"परत न्या."

साहेब डबा हातात घेऊन उभे राहिले. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. "मग आम्ही तुम्हाला म्हणायचं तरी काय?"

"मेश्राम मॅडम म्हणा. आणि माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट बदला. चार वर्षं ती घूं घूं करतेय. मी सात अर्ज दिलेत."

"ट्यूबलाइट," साहेब म्हणाले आणि खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

ते गेल्यावर पलंग आडवा राहीना, म्हणून उभा केला. खोली सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद झाली. मी मधोमध उभी राहिले, तशा भिंती आणखी सरकल्या. दोन्ही कोपरं भिंतींना टेकली, मग खांदेही. मला भीती वाटली नाही. जाड गोधडी घट्ट गुंडाळून घ्यावी तसं वाटलं. असं कुणीतरी चारी बाजूंनी दाबून धरावं, हे मला कितीतरी वर्षं हवं होतं आणि कुणाला सांगता आलं नव्हतं.

तेवढ्यात माय आली.

माझी माय गावी राहते. एकाहत्तर वर्षांची आहे. एसटीतून एकटी कुठे जात नाही. ती दारात उभी राहिली आणि बिजागरीकडे बघत म्हणाली, "काय म्हणे डॉक्टरीण?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कागदावर होतं त्याच क्रमानं.

"मीच तुले खाली पाहाले शिकवलं," ती म्हणाली. "म्हटलं, मोठ्या लोकायच्या डोळ्यात पाहू नये, मार पडते. माह्यामुळंच झालं काय हे?"

"नाही माय. तू शिकवायच्या आधीपासून मी खालीच बघत होते."

ती बराच वेळ बिजागरीवरून बोट फिरवत राहिली. वर, खाली, वर, खाली. मीही अशीच फिरवते.

"मले त खाली पाहाले कोणीच शिकवलं नव्हतं," ती म्हणाली.

मग ती बाजूला झाली आणि मला जिना दिसला. वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर काही ना काही ठेवलेलं होतं. पोत्यात बांधलेलं, लुगड्यात गुंडाळलेलं, काही तसंच उघडं. फाटकाबाहेर रस्त्यावरही रांग गेली होती.

"हे तुझे शब्द न्यायला कुणी आलं नाही?" मी विचारलं.

"ज्यायनं देल्ले ते सारे मेले."

तिनं सर्वांत वरच्या पायरीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून माझ्या पायाशी ठेवलं. लहान होतं, सहा वर्षांच्या पोरीएवढं. "हे पहिलं," माय म्हणाली. "'मुकी' म्हणून देल्लं होतं मले, एवढीच होती तवा."

लुगडं हळूहळू वरखाली होत होतं. मी खांदे भिंतींतून सोडवले, वाकले आणि गाठ सोडली.

आतल्या पोरीनं वर बघितलं नाही.

"विचार तिले, डॉक्टरणीनं तुले विचारलं ते," माय म्हणाली.