रोज साडेपाच वाजता

मित्रांनो, माझ्याजवळ बसायचं तर जरा अंतर राखून बसा, चटका बसेल. मी एक जुना, घरी बनवलेला आणि आता अर्धा मुका झालेला अ‍ॅम्प्लिफायर आहे. रेकॉर्डवरचा बारीक आवाज मोठा करून दोन स्पीकरांकडे पाठवायचा, हे माझं काम. पण माझा प्रकार वेगळा, त्याला ‘क्लास ए’ म्हणतात. बाकीचे अ‍ॅम्प्लिफायर काम पडेल तशी कमीजास्त वीज घेतात. मी मात्र गाणं जोरात असो, हळू असो, नाहीतर नुसती शांतता असो, सारखीच वीज घेऊन तापत बसतो. आणि नीट तापल्याशिवाय माझा आवाज काही खुलत नाही. त्याला चांगला अर्धा तास लागतो. एवढं लक्षात ठेवा, कारण माझं सगळं नशीब त्या अर्ध्या तासात अडकलेलं आहे.

मला घडवलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. दीड वर्ष रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझं काम चालायचं. माझं खोकं एका मोडक्या लोखंडी कपाटाच्या दारातून कापलं. उष्णता बाहेर जावी म्हणून दोन्ही कुशींना अ‍ॅल्युमिनियमची जाड पाती बसवली. ट्रान्सफॉर्मरची तार बाबांनी हाताने गुंडाळली. शंभर वेढे झाले की आई शिवणाच्या डब्यातलं एक बटण बाजूला ठेवायची.

“नऊ बटणं झाली, अहो. आता तरी जेवून घ्या.”

“दहा होऊ दे गं!”

आईला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, असं बाबा सगळ्यांना हसत सांगायचे. तीही हसायची.

मला पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा बाबांनी त्यांच्या घड्याळजी मित्राला बोलावलं होतं. बाबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि माझं बटण दाबलं. घड्याळजींनी दोन गाणी ऐकली आणि तोंड वाकडं केलं. “आवाज कोरडा वाटतो रे,” ते म्हणाले आणि उठून गेले. बाबांचा चेहरा एवढा उतरला की काही विचारू नका. नंतर ते मला उघडून बसले. आतला एक बारीक स्क्रू थोडा इकडे फिरव, थोडा तिकडे फिरव, मधूनमधून गाणं लावून बघ, असं चाललं. ते हे काम ज्या पुस्तकातून शिकले, त्यात लिहिलं होतं की याला तापायला वेळ द्या. पण बाबा भारी हट्टी! “माझ्या सर्किटला ते लागू नाही,” असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

आई ओट्याजवळ भांडी पुसत होती. पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं यांतला फरक तिच्या कानाने टिपला.

दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता ती माझ्याजवळ आली. मला कोणी हात लावायचा नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच बटण दाबलं. मुलीचे ओले मोजे माझ्या पात्यांवर पसरून ती कामाला लागली. सहा वाजता बाबांची स्कूटर वाजली, तशी तिने झटकन मोजे उचलले आणि मला बंद केलं.

बाबा आले. त्यांनी मला चालू केलं आणि मी असा काही गायलो की ते खुर्चीतून उठलेच. “सापडलं! अगं, त्या स्क्रूतच सगळं होतं!”

“हो का?” आई म्हणाली. “मला बाई त्यातलं काही कळत नाही.”

मित्रांनो, हे एकोणीस वर्षं चाललं. सुट्टीच्या दिवशी ती बाबांना भाजी आणायला धाडायची आणि मला लावायची. माझी पाती गरम लागली तर बाबा म्हणायचे, खिडकीतलं ऊन येतं याच्यावर. पाहुण्यांपुढे त्यांची छाती फुगायची. “लोकांचे असले अ‍ॅम्प्लिफायर तापवावे लागतात. माझा बटण दाबलं की तयार!” घड्याळजींनीही मान्य केलं, असा आवाज दुसरीकडे नाही. आई तेवढ्यात चहा आणून ठेवायची आणि मोजे घड्या घालायला आत जायची. मला फार वाटायचं, एकदा तरी हिचं नाव घ्या हो! पण मी बोलणार कसा? मी फक्त दुसऱ्यांचा आवाज मोठा करतो.

मग मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि पुढच्याच वर्षी आई आजारी पडली. अकरा दिवस घराला कुलूप होतं. बाबा परत आले ते एकटेच.

महिन्याने ते पुन्हा कामावर जाऊ लागले. पहिल्या संध्याकाळी सहाला घरी आले आणि त्यांनी मला चालू केलं. मी थंडगार होतो. जो आवाज निघाला तो माझा मलाच नकोसा झाला. बाबांनी पाचच मिनिटांत मला बंद केलं. “तूसुद्धा?” एवढंच ते म्हणाले. घरात निदान एक गोष्ट आधीसारखी राहावी, असं त्यांना वाटत होतं. ती मीच होतो.

त्यानंतर त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. रोज मला उघडायचे, एखादा भाग बदलायचे, पाच मिनिटं ऐकायचे, मान हलवून बंद करायचे आणि परत उघडायचे. माझ्यात काहीही बिघडलेलं नव्हतं हो! अर्धा तास थांबा, एवढंच मला सांगायचं होतं. एके दिवशी त्यांच्या हातून स्क्रूड्रायव्हर निसटला. ठिणगी उडाली आणि माझी डावी बाजू जळाली. तिथले आवाज वाढवणारे ट्रान्झिस्टर आता कुठेच मिळत नाहीत. तेव्हापासून मी एका बाजूनेच गातो.

पुढच्या सुट्टीत मुलगी आली. टेबलावर माझी आतडी पसरलेली पाहून तिने कपाळाला हात लावला.

“बाबा, हे काय करून ठेवलंत?”

“आवाज गेलाय याचा. चालू केला की नुसता कोरडा.”

“मग जरा तापू द्या ना! आई नाही का साडेपाचला लावून ठेवायची? माझे मोजे वाळायचे की त्याच्यावर.”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. “कोण लावायचं?”

“आई. रोज. तुमची स्कूटर वाजली की बंद करायची.” आणि मग तिच्या ध्यानात आलं. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

बाबांनी सगळं परत आत जोडून माझं झाकण बसवलं, मला चालू केलं आणि रेकॉर्ड न लावता माझ्यासमोर बसून राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी माझ्या पात्यावर हात ठेवला. चटका बसला असणार, पण त्यांनी तो काढला नाही. “तुला ठाऊक होतं ना रे?” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

आता बाबा निवृत्त झालेत. तरी रोज साडेपाचला ते मला चालू करतात, चपला घालतात आणि दार ओढून बाहेर पडतात. कोपऱ्यापर्यंत जातात, तिथल्या बाकावर बसतात आणि सहाला परत येतात. दार उघडून क्षणभर उंबऱ्यातच थांबतात. आत माझा लाल दिवा लागलेला असतो, कारण त्यांची चाहूल घेऊन मला बंद करणारं आता कोणी नाही.

तुमच्याही घरात काही गोष्टी अशा वेळेवर तयार मिळत असतील. इस्त्रीचा शर्ट, भरलेली बाटली, उशाशी ठेवलेलं पांघरूण. मित्रांनो, ते आपोआप होत नाही. आजच घरात जाऊन विचारा, हे कोण करतं? उत्तर द्यायला ते माणूस समोर आहे तोवर विचारा. बाबांनी विचारलं ते मला, कारण आई उरली नव्हती, आणि मला बोलता येत नाही.