भीमाबाईचा फोल्डर

मेघानं कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आईच्या नावाचा फोल्डर उघडला आणि पहिलंच गाणं लावलं. स्पीकरमधून आईऐवजी बाबांचा आवाज आला. सुराचा पत्ता नाही आणि ताल खड्ड्यातल्या ऑटोसारखा गचके खात चाललेला.

"भीमानं देल्ली पाटी, लेक निघाली गावाले..."

तिला आधी हसू आलं, मग ती थबकली. बाबासाहेबांवरचं हे गाणं आईनं स्वतः रचलेलं होतं. उद्या आईला जाऊन वर्ष होणार, तिचं पहिलं पुण्यानुमोदन. भीमाबाईची गाणी तिच्याच आवाजात ऐकवा, अशी नंदनवनच्या बुद्धविहारातल्या बायांनी गळ घातली होती, आणि बाबा कधीचे आज-उद्या करत होते.

"बाबा, हे काय जी?"

देवराव दारातच उभे होते. टेलिफोन खात्यात जन्म गेलेला माणूस. माउसवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, कॉम्प्युटरला सगळे हुकूम टाइप करूनच द्यायचे.

"तिची गाणी नाई राहिली वं," ते म्हणाले. "जागा कमी पडून राहिली होती. नवी डिस्क आणली, तिच्यात एक कप्पा, व्हॉल्यूम केला अन् तो आईच्याच फोल्डरवर जोडला, माउंट केला. वाटलं, जागा वाढंन. एंटर दाबलं अन् फोल्डर रिकामा. म्याच पुसलं तिले."

"मंग हे?"

"जेवढं आठवलं तेवढं म्हणून भरून ठेवलं. नाई त् तेही गेलं असतं."

वर्षभर हे एकट्यानं उरावर वागवलं होतं त्यांनी. पण माउंट केल्यानं काही पुसलं कसं जाईल? मेघा कीबोर्डशी सरसावली. कोणता व्हॉल्यूम कुठे जोडलाय हे तिनं मशीनला विचारलं, आणि उत्तर वाचता वाचता ताठ बसली.

"बाबा, तुम्ही पुसलं नाई, झाकलं. सतरंजीवर दुसरी सतरंजी टाकली त् खालची कुठं जाते? मशीन सुरू झालं का वरची आपोआप अंथरल्या जाते, बस."

देवरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तिनं वरची सतरंजी काढायचा, अनमाउंटचा हुकूम दिला. मशीन अडून बसलं: व्हॉल्यूम वापरात आहे. बाबांचं गाणं अजून चालूच होतं. ते बंद करून तिनं पुन्हा हुकूम दिला आणि फोल्डर उघडला. नावं तीच, तारखा जुन्या.

आईचा खणखणीत आवाज घरात आला, मागच्या भांड्यांच्या आवाजासकट. "भीमानं देल्ली पाटी, लेक निघाली..." इथे आई थांबली. रेकॉर्डिंगमध्येच मागून कुणीतरी बेसूर गुणगुणत होतं.

"तुम्ही चूप बसा ना जी. अन् गावाले नाई, शाळेले! कितीदा सांगू?"

मेघा रडता रडता हसली. देवराव मात्र पडद्याकडे पाहून "हो, हो" म्हणाले, जन्मभर म्हणत आले तसंच. गाणं संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"माह्यावालं वरचं अजून आहे ना?"

"आहे. त्याले वेगळा फोल्डर करून देते. का पुसून टाकू?"

"पुसतं काहून?" त्यांनी माईकची गुंतलेली वायर सोडवायला घेतली. "लाव ते परत. तेवढी एक ओळ मले पुन्हा म्हणा लागते."