रायफल पुसायचं सामान

आप्पासाहेबांनी ठमाबाईला सांगितलं की इंदापूरला चाललोय, ठाण्यात काम आहे. आणि लासुर्ण्याच्या स्टँडवर आले ते गुपचूप रस्ता ओलांडून बारामतीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. फौजेत अर्धं आयुष्य घालवलेला, नंतर बँकेच्या दारात रायफल घेऊन उभा राहिलेला, गाव ज्याला अजून हवालदार म्हणतं असा माणूस बायकोला फसवून एसटीची वाट बघत होता. आता हे काय वय झालं का चोरटेपणा शिकायचं? पण करतो काय बिचारा.

रणजितला जाऊन दोन महिने होत आले होते. एकच मुलगा, तिशी नुकती ओलांडलेला, लग्न व्हायचं होतं. पुण्यातली कंपनी सोडून घरी आला आणि मळा बघायला लागला. खंडेनवमीच्या थोडे दिवस आधी, दुपारी घरात कुणी नसताना, बापाच्याच रायफलीची गोळी लागून तो गेला. आवाज ऐकून आप्पासाहेब सगळ्यांच्या आधी पोचले आणि काय झालं ते त्यांना उंबऱ्यातच कळलं. रायफल ते कायम रिकामी ठेवत, काडतुसांचा डबा दुसऱ्या कपाटात. तो डबा झाकण काढून कॉटवर ठेवलेला होता. त्यांनी तो आधी जागेवर नेऊन ठेवला. मग माणसं धावत आली तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साफ करताना सुटली." तेच पोलीस पाटलानं ऐकलं, तेच कागदावर चढलं, रायफल जप्त झाली आणि प्रकरण मिटलं. गावानं माना हलवल्या. काहींनी जरा जास्तच हलवल्या, पण हवालदाराच्या तोंडावर कोण बोलणार?

बोलली ती ठमाबाई. तेही लगेच नाही. दोन महिने ती नुसती बसून होती. भाकरी पुढ्यात ठेवली की अर्धी कुत्र्याला घालायची, कुणी समजूत घालायला आलं की भिंतीकडं तोंड फिरवायची. गेल्या आठवड्यात सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं विचारलं, "साफ करत व्हता म्हंता, मग कशानं साफ करत व्हता?"

आप्पासाहेबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. त्यांचं साफसफाईचं सामान म्हणजे फौजेतनं आणलेली एक दोरी, चिंध्या आणि तेलाची बाटली. ते वर्षभर लोखंडी ट्रंकेत असायचं आणि निघायचं ते खंडेनवमीलाच, देवापुढं हत्यार मांडायच्या आधी. ट्रंकेची किल्ली ठमाबाईच्या कनवटीला. त्या दिवशीही तिथंच होती. हे त्या बाईनं दोन महिने मनात घोळवलेलं होतं.

"त्यानं सोताचं सामान घेतलं व्हतं," आप्पासाहेब म्हणाले. "पोलिसांनी नेलंय."

"मग आणा. मला बघायचंय."

तिला ब्रश न् तेल बघायची हौस नव्हती हो. पोरगं आपल्याला मुद्दाम टाकून गेलं की चुकून गेलं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. आपण काय कमी केलं, कोणता शब्द लागला, त्या दिवशी जेवणात कारल्याची भाजी दिली म्हणून का, असलं काहीबाही ती झोपेत बडबडायची. मुद्दाम गेला असं कळलं असतं तर ती जगली नसती. आप्पासाहेबांना याची खात्री होती आणि त्या एका खात्रीवर ते एसटीत चढले.

बारामतीत उतरून चालताना एक गल्ली त्यांनी टाळली. त्या गल्लीत डॉक्टरांचा दवाखाना होता. उन्हाळ्यापासून ते रणजितला तिथं आणत होते. ठमाबाईला पित्ताच्या गोळ्या म्हणून सांगितलं होतं. पोराला झोप नव्हती, कशात जीव नव्हता. डॉक्टरांनी एकदा आप्पासाहेबांना एकट्याला बसवून बजावलं होतं, घरात हत्यार असेल तर आजच ठाण्यात जमा करा. त्यांनी मान डोलावली होती. पण श्रावण संपला होता, दसरा तोंडावर आला होता. बापजाद्यांपासून खंडेनवमीला या घरात देवापुढं हत्यार लागतंच, आणि हवालदाराच्या घरात त्या दिवशी रायफल नाही म्हणजे लोक काय म्हणतील? एवढी नवमी होऊ दे, मग जमा करू, असं त्यांनी ठरवलं. नवमीला पाट रिकामाच राहिला.

दुकान एअरगन, छर्रे, ट्रॉफ्या असल्या वस्तूंचं होतं. गल्ल्यावर प्राची नावाची मालकीण होती, नवऱ्याच्या माघारी दुकान सांभाळणारी, तोंडानं गोड आणि कामाला चोख. तीनशे पंधरा बोरच्या रायफलीचं सामान पाहिजे म्हटल्यावर तिनं काचेवर तीन प्रकार मांडले. एक प्लास्टिकच्या पेटीतला, त्यात सगळ्या मापांचे ब्रश. एक लाकडी पेटीतला, भारी, मखमल लावलेला. आणि एक कापडी गुंडाळीतला, जोडायची सळई, पितळी तारांचा ब्रश, लोकरीचा बोळा, तेलाची बाटली, बस्स. आप्पासाहेबांना कापडी आवडला. फौजी माणसाला दुसरं काय आवडणार? हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. त्यांना स्वतःसाठी घ्यायचंच नव्हतं. रणजितनं कोणता घेतला असता?

"तुमच्यासाठीच ना, आबा?" प्राचीनं विचारलं.

"मुलासाठी."

"मग त्यांनाच घेऊन या की एकदा. ज्याचं त्यानं निवडलेलं बरं."

आप्पासाहेब पेट्यांकडं बघत राहिले. लहानपणी हा पोरगा साधी पेन्सिल घ्यायची तर सगळं दुकान खाली उतरवायला लावायचा. चप्पल घ्यायला नेलं की बाप वैतागून बाहेर जाऊन उभा राहायचा. आणि गेल्या वर्षीच्या दिवाळीत शर्ट घ्यायला याच बारामतीत आणला, दुकानदारानं गठ्ठाच्या गठ्ठा उलगडला, तर हा खाली बघत म्हणाला होता, कुठला बी घ्या. तेव्हा आप्पासाहेबांना बरंच वाटलं होतं. पोरगं शहाणं झालं, असं त्यांनी घरी येऊन सांगितलंही होतं. आता दुकानात उभ्या उभ्या त्यांना त्याचा अर्थ लागला. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. सगळं डोळ्यांपुढं होतं आणि आपण आंधळे झालो होतो.

"कुठला बी द्या," ते म्हणाले.

प्राचीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता प्लास्टिकची पेटी बांधून दिली. तरण्या पोरांना हीच आवडते, एवढंच म्हणाली.

घरी न जाता ते आधी मळ्यात गेले. मोटरीच्या खोलीत दार लावून बसले आणि नवं कोरं सामान जुनं करायला लागले. सळई जोडली. ब्रश गंजक्या पाइपाच्या तुकड्यातनं इतक्यांदा ओढला की पितळी तारा वाकल्या. चिंध्या मोटरीच्या ग्रीसमध्ये चोळल्या, बाटलीतलं थोडं तेल मातीत ओतलं. आयुष्यभर हत्यार लखलखीत ठेवलेल्या माणसानं असलं घाणेरडं काम कधी केलं नव्हतं. मधेच त्यांना रडू फुटलं. रडत रडतच त्यांनी पेटीच्या झाकणावर खिळ्यानं दोन-चार ओरखडे काढले, मोटरीच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि घर गाठलं.

ठमाबाई पडवीत तांदूळ निवडत होती. त्यांनी पेटी तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं ताट बाजूला सारलं, झाकण उघडलं, एकेक वस्तू हातात घेतली. काळी चिंधी नाकाशी नेली. मग ती छातीशी धरून बाई अशी रडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा मोकळी रडली.

"म्हंजे खरंच साफ करत व्हता," ती म्हणाली. "माजं बाळ साफच करत व्हतं."

"मग सांगतोय काय."

आप्पासाहेबांनी भिंतीला पाठ टेकली. झालं एकदाचं, असं त्यांना वाटलं. ठमाबाईनं डोळे पुसले, चिंधीची घडी केली, ती पेटीत ठेवली आणि तिचा हात तिथंच थांबला.

"पर तुमी तर रायफल रिकामी ठेवायचा."

आप्पासाहेबांची टेकलेली पाठ भिंतीपासून सुटली.

"दर नवमीला मला दावायचा की. बघ, रिकामी हाय, मग मी कुंकू लावायची. त्याला बी तुमीच तसं शिकवलं व्हतं. मग तिच्यात गोळी कुठनं आली?"

एवढ्या वाटेत, एवढ्या खटाटोपात हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. उत्तरं दोनच होती. गोळी रणजितनं भरली, नाहीतर त्यांनी. ठमाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती, चिंधीचं काळं तिच्या गालाला लागलं होतं. आप्पासाहेबांनी फार वेळ लावला नाही.

"मी भरून ठिवली व्हती," ते म्हणाले. "उसात बिबट्या आलाय म्हनत व्हते. रातीला भरली आन् काढायची राहिली."

"त्याला सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

ठमाबाईनं पेटीचं झाकण लावलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजे तुमी मारलं माज्या लेकाला."

"व्हय," आप्पासाहेब म्हणाले.

तिनं पेटी उचलली, आत नेऊन रणजितच्या फोटोखाली ठेवली. त्या संध्याकाळी ती अख्खी भाकरी जेवली. नवऱ्याचं ताट वाढून तिनं पडवीत ठेवलं आणि पाठ फिरवली. तेव्हापासून ताट रोज पडवीतच येतं. शब्द एक नाही. आयाबाया आल्या की मात्र ती आता तोंड लपवत नाही, ताठ बसते आणि सांगते, माझा रणजित तसल्यातला नव्हता, ह्यांच्या हातनं चूक झाली. बातमी हां हां म्हणता फिरली. स्टँडवर हवालदार म्हणून हाक मारणारी माणसं आता मोबाइलमध्ये बघतात.

पुढच्या महिन्याच्या तिथीला वडगाव निंबाळकरहून लेक राजलक्ष्मी आली. आईकडनं सगळं ऐकून ती तडक गोठ्यात बापाकडं गेली. भावाच्या दवाखान्याचं तिला ठाऊक होतं.

"आप्पा, तुम्ही भरलेली रायफल घरात ठेवली? तुम्ही?" तिनं विचारलं. "मला तरी खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

आप्पासाहेबांच्या तोंडाशी सगळं आलं. पोटच्या पोरीला सांगितलं असतं तर निदान एका माणसापाशी तरी त्यांना मान वर करता आली असती. तेवढ्यात आतनं ठमाबाईचा आवाज आला. ती शेजारच्या सारजेला रणजितच्या लहानपणची गोष्ट सांगत होती, शाळेला जायचं चुकवून तो कणगीत लपून बसला होता ती. सांगता सांगता ती हसली.

"व्हय, बाळ," आप्पासाहेब म्हणाले. "मीच ठिवली व्हती."